दिपोटी साहेबांसाठी बांधलेलं कुंपण

गुरुजी,

तुमच्या शाळेची हल्लीची मुख्याध्यापिका आज सकाळी माझ्याकडे आली होती. मुलगी गुणी आहे. शाळेच्या सुरक्षिततेसाठी सरकारी अनुदान मिळतंय, त्याचा अर्ज करायचाय, तुम्ही जुन्या शिक्षिका, एकदा नजर टाका, म्हणाली. फाटक मोडलंय, पडवीत दारुडे येऊन लोळतात, सकाळी मुलं आधी बाटल्या उचलतात आणि मग वर्ग भरतो. अर्ज तिने नीट लिहिला होता. पण उठता उठता ती मोठ्या आनंदाने म्हणाली, "बाई, पुढच्या आठवड्यात पाहणीला साहेब येणार आहेत. पालकांनी फाटक दुरुस्त करून रंगवून द्यायचं कबूल केलंय. पडवीही धुवून घेतो." इतक्या वर्षांनी, त्याच गावात, पुन्हा तेच! मी तिला नको इतकं बोलले. बिचारी गोंधळून निघून गेली. ती गेल्यावर कशात लक्ष लागेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा मी तुमच्या हाताखाली लागले. आगाशीहून वाड्यांमधून चालत यायचे. दोन्ही बाजूंना केळी, वर नारळ, आणि कुठेतरी रहाटाची कुरकुर. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. मागे खेळायची जागा, आणि ती जिथे संपते तिथेच बावखल. वाडीला पाणी द्यायला कुणाच्यातरी पणजोबाने खणलेला तो मोठा खड्डा, ना कठडा ना कुंपण. पाण्यावर हिरवं शेवाळ इतकं दाट की नवख्या पोराला ते गवतच वाटावं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला तिथे नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, "बाई, शिकवणं नंतर. आधी इकडे लक्ष."

लक्ष ठेवूनही व्हायचं ते झालंच. पहिलीतली एक मुलगी चेंडूमागे धावत गेली आणि शेवाळात उतरली. आपण पोचेपर्यंत अर्नाळ्याहून बाजाराला निघालेल्या एका कोळणीने डोक्यावरची पाटी टाकून उडी घेतली होती. मुलगी वाचली. कोळीण ओल्या लुगड्याने वर आली, मासळी चिखलात विखुरलेली, आणि तुमच्याकडे बघून कडाडली, "मास्तर, पोरं सांबाळता का बेडकं? पानी दिसत नाय तुमाला?" तुम्ही हात जोडून उभे होतात. त्याच संध्याकाळी भिंतीच्या अनुदानाचा अर्ज लिहायला बसलात.

तो अर्ज तुमच्या स्वयंपाकघरात लिहिला गेला, कारण मागच्या दारातून तिथे उजेड चांगला यायचा. काकू चुलीपाशी भाकऱ्या थापतायत, तुम्ही पाटावर बसून लिहिताय, आणि मी कच्चा खर्डा मोठ्याने वाचून दाखवतेय. खर्ड्यात मी आपल्या अकलेने एका जागी 'कृपावंत होऊन' असं घातलं होतं. तुम्ही टाक खाली ठेवलात. "खोडा ते. पोरं सरकारचीही आहेत. आपण भीक मागत नाही." मला काय अभिमान वाटला होता त्या बोलण्याचा! काकूंनी तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "यांच्या रागाला जेवणाचा उतारा असतो, जेव तू." ते स्वयंपाकघर आठवलं की अजून बरं वाटतं. त्यानंतरचं मात्र सगळं घाण आहे.

कचेरीने आधी विचारलं, जागा कोणाची? मग विचारलं, बावखल कोणाचं? मग नकाशा मागवला. नकाशा पाठवला तर म्हणे प्रत्यक्ष धोका आहे का, याची खातरजमा व्हायला हवी. मूल बुडता बुडता वाचलं हे आपण लिहिलं होतं, त्याला एका ओळीचंही उत्तर नव्हतं. वाचलेलं मूल कचेरीवाले हिशेबात धरत नसावेत. शेवटी कळलं की पाहणीला दिपोटी साहेब येणार. शाळा तपासणारा साहेब गावात येणार म्हटल्यावर गाव असं हललं, की मूल पाण्यात पडलं तेव्हा त्याच्या निम्म्यानेही हललं नव्हतं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच होती. कुणाकडे कार्य असलं की घराघरातून नारळाचे विणलेले झाप जायचे, पुरुषमाणसं मांडव बांधायची, कुणी पैसा मागायचं नाही. आणि पाहुण्याला फाटकी बाजू म्हणून दाखवायची नाही. त्याच रीतीने शाळा सजली. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी बावखलाच्या काठाने सुपारीचे खांब ठोकले गेले आणि त्यावर हिरवे, ताजे, पुरुषभर उंचीचे झाप बांधले गेले. खांब दिले कोणी, तर ज्याचं बावखल त्याच वाडीवाल्याने. एरवी याला कुंपण घालायला सांगितलं की तो म्हणायचा, "बावखल आज्यापासून हाय, पोरांना आवरा." त्या दिवशी मात्र स्वतः खांब रोवत होता. तुम्ही त्याला म्हणालात, अहो, साहेबांना ती उघडी जागाच तर दाखवायची आहे. तो हसला. "मास्तर, सायबाला गावाची लाज दावायची? शेजारचे नंदाखालवाले हसतील आपल्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची." माणसं घामाने निथळत होती, बायकांनी पन्हं आणलं होतं. तुम्हीही एक पेला घेतलात.

साहेब टांग्यातून उतरले. दाराला केळीचे खांब, गळ्यात अबोलीचा हार. दोन शहाळी प्यायले आणि मिश्या पुसत मागे आले. कुंपणापाशी थांबून त्यांनी एका झापाला काठीने टोचलं. "वा! बंदोबस्त उत्तम आहे की. मग अर्ज कशासाठी?" वाडीवाल्याने हात जोडले, "सायेब, आमच्या पोरांना आमी काय कमी पडू देत नाय." सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही काल खांब रोवणाऱ्या माणसांकडे बघत होतात. तेव्हा मीच म्हणाले, "साहेब, हे काल बांधलंय. पलीकडे—" आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाई, तुम्ही वर्गावर जा."

मी गेले. खिडकीतून पुढचं दिसत होतं. पंगत बसली, साहेब पोटभर जेवले, ढेकर दिला, आणि आगाशीच्या सुकेळ्यांचं, वाळवलेल्या गोड केळ्यांचं, एक भलंमोठं पुडकं काखेत मारून टांग्यात चढले. टांगा हलला तरी तुम्ही त्याच्या बाजूने काहीतरी सांगत चालत होतात. साहेब मान डोलवत होते आणि सुकेळं चघळत होते. त्या जबड्याची शिसारी मला अजून येते.

दोन दिवसांत एका लग्नाचा मांडव घालायचा निघाला आणि झाप जसे आले तसे गेले. खांबसुद्धा गेले. पुढे कचेरीचं उत्तर आलं की शाळेला कुंपण असल्याचं पाहणीत आढळलं, सबब अनुदानाची गरज दिसत नाही. तुम्ही ताबडतोब खरं काय ते लिहून पाठवलंत. त्यावर त्यांनी तुमच्याकडेच खुलासा मागवला, की पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याची दिशाभूल का केली? हे वाचून मी वेड्यासारखी हसले होते. तुम्ही हसला नाहीत. खुलासा लिहीत बसलात, स्वयंपाकघरातच, पण वाचून दाखवायला मला बोलावलं नाहीत.

श्रावणात दुसरीतला एक मुलगा त्याच बावखलात गेला. मधल्या सुट्टीत, कुणाच्याही नकळत. त्या दिवशी वाटेने कुणी कोळीण येत नव्हती.

मग बघा काय झालं! ज्या कचेरीला वर्षभर नकाशा पुरत नव्हता, तिने दिवाळीच्या आत भिंत मंजूर केली. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. उद्घाटनाला तेच साहेब, तोच टांगा, तीच अबोली. बालकांच्या सुरक्षिततेबद्दल सरकार किती जागरूक आहे यावर ते बोलले. वाडीवाल्याने रडत रडत भाषण केलं, आणि त्याचं रडणं खोटं नव्हतं, याचीच मला जास्त किळस आली. भिंतीत संगमरवराचा तुकडा बसवला, त्यावर साहेबांचं नाव. मुलाचं नाव कुठेच नाही. त्याच्या आईला पुढच्या खुर्चीवर बसवून ओटीत नारळ घातला. तिने तो भिंतीच्या पायाशी ठेवला आणि कुणाकडे न बघता घरी गेली. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. मला वाटलं, सगळ्या गावात हीच एक शहाणी. तुम्ही आला नव्हतात. तुम्ही रजेवर होतात, आणि त्या रजेवरून तुम्ही परत कधी आलाच नाहीत. वर्ष-दीड वर्षात तुम्ही गेल्याचा काकूंचा निरोप आला.

गुरुजी, साहेबांची किळस सोपी आहे. खाणारा खाऊन जातो, त्याला गावाशी काय देणंघेणं? गावाचीही किळस करता येते. त्यांनी लाज झाकली आणि पोर उघडं टाकलं. पण या दोघांना मनसोक्त शिव्या देऊन झाल्या की मी येऊन थांबते ती तुमच्यापाशी. ज्याने 'कृपावंत' खोडायला लावलं, त्याला माणसांनी घाम गाळून बांधलेलं कुंपण चारचौघांत खोटं आहे म्हणवेना. तुम्ही भित्रे नव्हतात. तुम्हाला त्यांचा हिरमोड करवला नाही, एवढंच. आणि मी बोलले, तर मला वर्गावर पाठवलंत. तुमच्या बोलण्यांनी मी घडले असं मी आयुष्यभर सांगत आले, माझ्या विद्यार्थ्यांना, मुलांना, नातवंडांना. ते एक बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही. त्याचा राग मला त्या दिवशी आला होता, मुलगा गेला तेव्हा आला होता, काकूंचा निरोप आला तेव्हाही रडण्याआधी तोच आला. आणि आज सकाळी त्या बिचाऱ्या मुख्याध्यापिकेवर मी जे तोंड सोडलं, ते खरं तर तुमच्यासाठीचं होतं.

हे पाठवायला पत्ता नाही, पण कबूल करते, पत्ता असता तरी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही मान खाली घातली असतीत, आणि ते मला बघवलं नसतं.