पेनीच्या गळ्यातली घंटा

३ ऑक्टोबर
निघालो. डीकनच्या, म्हणजे खेचराच्या, दोन्ही पेट्या तीनदा तोलल्या. डावी हलकी. बटाटे टाकले तर उजवी हलकी! शेवटी उजवीत एक धोंडा ठेवला. लेक, लोरेटा, म्हणाली, "डोंगरात दगडांचा तुटवडा आहे का, बाबा?"

लोरेटाला वाटतं मी एल्कच्या, त्या मोठ्या डोंगरी हरणाच्या, शिकारीला चाललोय. खरं काय ते फक्त जनावरांच्या डॉक्टरला, थर्मनला, माहीत. माझी घोडी, पेनी, सत्तावीस वर्षांची. दाढा पार झिजल्या. गवत चावून चावून टाकून देते. थर्मन म्हणाला, हिवाळा निघायचा नाही, बर्फात उपाशी मरू देऊ नकोस. खाटकाच्या ट्रकमध्ये मी तिला चढवणार नाही. वडील आपली म्हातारी घोडी वरच्या कुरणात नेत. चरता चरता, एका गोळीत. मीही तसंच करणार.

तीन गोळ्या एल्कसाठी. चौथी सदऱ्याच्या खिशात, वेगळी.

उतरताना मी पायी. अठरा मैल. होईल.

घरचा स्टोव्ह बंद केला होता ना?

४ ऑक्टोबर
चढावर पेनीवरून उतरून चाललो, तिला त्रास नको म्हणून. ती पुढे जाऊन प्रत्येक वळणावर थांबायची, मागे वळून बघायची. माझा गुडघा कुरकुरतोय. संध्याकाळी घेवडा आणि खारवलेलं डुकराचं मांस. अस्वलाच्या भीतीने शिधा झाडाला उंच टांगला. दोर पुरेसा उंच आहे का, ते चारदा पाहिलं.

६ ऑक्टोबर
एल्क आला. मोठा नर, शंभर पावलांवर. बंदुकीच्या दुर्बिणीत नीट धरला. गोळी झाडलीच नाही. त्याने मला नीट बघून घेतलं आणि गेला.

७ ऑक्टोबर
उद्या सकाळी. पुढे ढकलून उपयोग नाही.

८ ऑक्टोबर
इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं — घंटेची घोडी बांधायची, खेचर मोकळं सोडायचं. घोडी जाते तिथे खेचर जातं. मी काल उलटं केलं. शेवटची रात्र, मनासारखं चरू दे, म्हणून पेनीला सोडलं आणि डीकनला झाडाला बांधलं. सकाळी घोडी नाही. झाडाला नुसता तुटका दोर. खेचरही तिच्यामागे!

बंदूक खांद्याला अडकवून पायवाटेने उतरलो. दोन मैलांवर ओढ्यात पाय घसरला. गुडघा टोमॅटोसारखा लाल, फुगलेला. एका ओंडक्यावर बसलो. अठरा मैल म्हणे पायी! पाण्याची बाटली तंबूत, काड्या तंबूत, सगळं तंबूत.

दुपारी घंटा ऐकू आली. खालून. पेनी वर येत होती, मागे डीकन. वळणावर थांबली, मला बघितलं, आणि समोर येऊन उभी राहिली. खोगीर नव्हतं. ओंडक्यावर चढून कसाबसा तिच्या पाठीवर बसलो.

गोळी खिशातच होती. छातीला टोचत नव्हती, तरी टोचत होती.

१० ऑक्टोबर
घरी. सबंध वाट तिनेच आणलं. हळू, पण आणलं. लोरेटाने एल्कबद्दल विचारलं. हुकला म्हटलं.

१२ ऑक्टोबर
धुण्यात गोळी सापडली. लोरेटाने ती माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी डोंगरात असतानाच थर्मन तिला सगळं सांगून गेला होता.

"मी कुंपणापाशी उभी होते, बाबा," ती म्हणाली. "किती जण परत येतात ते मोजत."

मग ती घोडीसाठी कोंडा भिजवायला गेली. मी मान खाली घालून जेवलो.

२१ नोव्हेंबर
पहिला मोठा बर्फ. पेनीने पहाटे तबेल्यात प्राण सोडला. आपणहून, वाळल्या गवतावर आडवी होऊन. तोंडाला अजून कोंडा लागलेला. घंटा काढून घेतली.

डीकन तिच्यापासून हलेना. ओढला, लोरेटाने ढकलला. शेवटी घंटा माझ्याच हातात वाजली आणि मी दाराकडे चालू लागलो. तो मागे आला.

बाहेर वाटेच्या वळणावर थांबून मागे त्याच्याकडे बघितलं.