न लावलेला कौल

आये, मला पत्र लिहायची सवय नाही आणि तुला वाचता येत नव्हतं, तरी आज लिहायला बसलोय. उद्या सकाळी हॉस्पिटलात भरती व्हायचंय. बाबांना होतं तेच छातीचं दुखणं, आणि ऑपरेशनही तेच. डॉक्टर म्हणतात, आता त्यात विशेष काही राहिलेलं नाही, आम्ही रोज करतो. बाबांचे डॉक्टरही साधारण असंच म्हणाले होते. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, बाबांना तीस. जोगेश्वरीची आपली चाळ पाडून तिथे बिल्डिंग झाली. मी तिच्या सातव्या मजल्यावर राहतो आणि पाणी चोवीस तास येतं, हे तुला सांगायचं राहिलं होतं. पण मला सांगायचंय ते हे नाही.

मिल बंद पडल्यावर बाबा मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन होते. तिथेच गेटवर बसल्या बसल्या कोसळले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि कागदावर सही मागितली. तू म्हणालीस, देवाला विचारल्याशिवाय मी अंगठा उठवणार नाही. गावच्या देवळात गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. तुझं सगळं आयुष्य या दोन पाकळ्यांवर चाललं. लग्न, मुंबईला येणं, माझं कॉलेजसुद्धा. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं वाटायच्या वयात होतो. तू मला एसटीडी बूथवर पाठवलंस. देवळाशेजारच्या दुकानात फोन लावायचा, गुरवाला बोलावून घ्यायला सांगायचं, तासाभराने पुन्हा लावून कौल विचारायचा.

माझ्यापुढे दोघं होते. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्या माणसाला म्हटलं, तुम्ही करा आधी. मग समोरच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, आणखी एक घेतला. पाकळ्यांवर माणसाचं ऑपरेशन ठरवायचं हा मूर्खपणा आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगू? मला डाव्या कौलाची भीती वाटली. डावा आला असता तर तू बाबांना घरी आणलं असतंस, आणि त्यांना खाटेवर झिजताना बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं. तास भरला तसा घरी आलो. तू भाकऱ्या भाजत होतीस. मागे न वळताच विचारलंस, "काय म्हणालो देव?"

मी म्हटलं, "उजवो दिल्यान."

एरवी मी घरातही शहरातली मराठी बोलायचो, त्यावरून तू चिडवायचीस. तेवढं खोटं मात्र मी तुझ्या भाषेत बोललो. आणि त्याच वेळी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीवरचं फूल पडलं. डाव्या बाजूचं. तू ते उचललंस, डोळ्यांना लावलंस आणि परत खोचलंस. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं मी तीस वर्षं म्हणत आलोय. पण तेव्हा पंखा चालू होता की बंद होता, हे मला काही केल्या आठवत नाही. बाबांच्या शेवटच्या दिवसातलं बाकी सगळं आठवतं, तू त्यांच्या पायांत घातलेले लोकरीचे मोजेसुद्धा. पंखा तेवढा आठवत नाही.

बाबा ऑपरेशनमधून बाहेर आलेच नाहीत. त्यानंतर मी देव मानणं सोडलं. लोकांना वाटलं, विज्ञान शिकलेला मुलगा आहे, असायचंच. पण माझं नास्तिक होणं काही विचार करून झालेलं नव्हतं, आये. कौल खोटा असेल तर मी निर्दोष. कौल खरा असेल आणि त्या दिवशी तो डावा पडायचा असेल, तर बाबांना मी मारलं. म्हणून मला तो खोटाच हवा होता. पाहुण्यांसमोर मी गुरवाची नक्कल करायचो, "होय म्हाराजा" म्हणत सगळ्यांना हसवायचो. एकदाच तू बोललीस. बांगडे साफ करता करता, वर न बघता म्हणालीस, "देव खोटा सांगणा नाय. माणसा सांगतत." मी हसून पाणी प्यायला उठलो. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण तेव्हा मला खवखवलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात मी गावी फोन केला. बायको म्हणाली, तू कधीपासून रे देवाला विचारायला लागलास? मी म्हटलं, सहज. आता जुन्या गुरवाचा मुलगा देवळाचं बघतो, माझ्याच वयाचा आहे. आधी आंब्याचं विचारलं, मग पावसाचं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातच दहा मिनिटं गेली. शेवटी ऑपरेशनचं सांगितलं आणि म्हटलं, कौल लावून बघशील का. बाबांच्या वेळी तुझ्या वडिलांनी उजवा दिला होता. तीस वर्षांनी तेच खोटं पुन्हा तोंडातून गेलं, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. तो फोन घेऊन बाहेर अंगणात आला. मग म्हणाला, "तेव्हा फोन इलोच नव्हतो. तुझी आवस इल्ली विचारूक."

तू गेली होतीस. बाबांचं वर्ष झाल्यावर तू गावी गेलीस ती मला वाटलं देवाला नारळ ठेवायला. तू देवाशी भांडायला गेली होतीस. उजवा कौल दिलास आणि माझा माणूस का नेलास, असं तू पाषाणासमोर उभी राहून विचारलंस म्हणे. तेव्हा जुन्या गुरवाने सांगितलं, बाई, मी कौल लावलेलाच नाही. हे मला फोनवर सांगणारा त्याचा मुलगा तेव्हा तिथेच होता. तू पायरीवर बसून राहिलीस. मग उठलीस, "मगे देवाचो दोष नाय" म्हणालीस, आणि भांडल्याबद्दल देवासमोर नाक घासलंस. जाताना दोघांना बजावलंस, "माझ्या झिलाक सांगू नको. तेका कळला तर तो जगाचो नाय."

त्यानंतर तू अकरा वर्षं जगलीस. माझ्या लग्नात मिरवलीस, माझ्या मुलीला न्हाऊ-माखू घातलंस, मी कामावरून येईपर्यंत जेवायची थांबलीस. पण कुठल्याच गोष्टीला कौल मागितला नाहीस. माझं लग्न, नोकरी, सगळ्याला एकच उत्तर, तुझा तू ठरव. मला वाटायचं, तुझा देवावरचा विश्वास उडाला. आता वाटतं, माझ्यावर पुन्हा खोटं बोलायची पाळी येऊ नये म्हणून तू विचारणंच बंद केलंस. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास. थोबाडीत मारायची होतीस. आता मी माफी मागायची कुणाकडे? तू नाहीस, बाबा नाहीत, आणि ज्या देवाच्या नावाने खोटं बोललो त्याच्यासमोर जायला तोंड नाही. मला रडूही येत नाही, नुसतं छातीत जड होऊन राहतं, आणि ते दुखण्याचं की याचं, हेही कळत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. रिपोर्टांच्या फाइलमध्ये तळाशी ठेवीन, म्हणजे कुणी वाचणार नाही.

एक राहिलं. आज सकाळी गुरवाच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "उजवो दिल्यान. जा बिनघोर." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून त्याचा आवाज आठवून बघतोय, तो बोलायच्या आधी थांबला होता का, देवळातून बोलत होता की कुठल्या हॉटेलातून. बायकोला सांगितलं, तिला बरं वाटलं. आये, तो डावा म्हणाला असता तर माझा लगेच विश्वास बसला असता.