दर्जाचा रकाना

३१ जाने. १९९८
साहेबांनी पुण्याच्या शिबिरातून नवा तक्ता आणला. दर शनिवारी प्रत्येक बांधकामाला शंभरापैकी गुण. वेळ, माल, अपघात, दर्जा. दर्जा काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे फोडून. शिवा मिस्त्री तक्ता न्याहाळत म्हणाले, "म्हंजे आता आमची बी परीक्षा?" हो म्हटले. "आणि तुमची?" माझीही.

२ फेब्रु.
वसतिगृहाचा पहिला स्लॅब झाला. इंजिनिअर म्हणून माझाही पहिला. दुपारी मिक्सरला पाणी जास्त वाटले; त्याने काँक्रीट कच्चे राहते. मी बोलले, मग कमी झाले. किती वेळ जास्त पडत होते, माहीत नाही. सहा ठोकळे मिस्त्रींनी भरले, मी वर जाडी मोजत होते. रजिस्टरमध्ये 'समक्ष भरले' लिहून सही केली. सगळे असेच लिहितात.

९ फेब्रु.
सात दिवसांचे तीन ठोकळे कॉलेजात फोडून घेतले. ताकद तेरा आली तरी पुरे होती. एकोणीस, वीस, साडेएकोणीस. साहेब खूश. तिन्ही बांधकामांत आपले पहिले. घरी फोन केला, आईने देवापुढे साखर ठेवली.
वीस फार आहे.

११ फेब्रु.
चहाच्या वेळी मिस्त्री आपण होऊन, हळूच:
"म्याडम, ठोकळ्यात दोन थापी सिमेंट जादा घातलंय बरं का. तुमचा पयला स्लॅब. पास व्हायला पायजे की."
स्लॅबमध्ये?
"त्यात नेहमीचंच. त्यो कुठं परीक्षेला बसतोय?"
रागावता आले नाही. पाहुण्याच्या ताटात चांगला तुकडा वाढल्यासारखा चेहरा.

१४ फेब्रु.
शनिवार. दर्जा: पंचवीसपैकी पंचवीस. साहेबांच्या अक्षरात. सांगायचे ठरवून गेले होते. सांगितले नाही.
परवा स्लॅबखालचे टेकू काढायचे. आपल्याच शिरोलीच्या शेडच्या कामाला हवेत. काढण्यापूर्वी माझी सही लागते. वर अजून एक मजला. जूनपासून गगनबावड्याकडच्या मुली राहायला येणार.

१६ फेब्रु.
सांगितले. साहेबांनी रजिस्टर पुढे ओढले.
"समक्ष कुणी लिहिलं?"
मी.
"मग? टेकू काढा. स्लॅब बहुतेक चांगलाच असतो."
बहुतेक. सही केली नाही. शिरोलीचा टेम्पो रिकामा परत गेला, ड्रायव्हर जाताना मिस्त्रींना मोठ्याने, "पावणं, उगंच डिझेल जाळलं की आमचं!"

१९ फेब्रु.
स्लॅबलाच भोके पाडून त्यातले काँक्रीट तपासायला साहेबांची परवानगी. तोंडी. "खराब निघालं तर ठोकळ्यांचं खोटं वर कळवावं लागेल. मग मिस्त्री आणि तुम्ही..."
मिस्त्री बावीस वर्षे या धंद्यात. मी सात महिने.

२१ फेब्रु.
तीन जागा मी दाखवल्या. तिन्ही दुपारच्या कामातल्या. मशीन स्लॅबमधून उतरत होते, मिस्त्री कडेला उकिडवे.
"पोटच्या पोरीला सुई टोचावी तसं केलंसा, म्याडम."
मनगटाएवढे तीन तुकडे निघाले. एकात खडी सुटी दिसते की मलाच तसे वाटते. मिस्त्रींनीच ते ओल्या पोत्यात गुंडाळले. मग दोन्ही हात माझ्यासमोर उघडे करून, "याला काय लावलं न्हाय हं. बघून घ्या."
या वेळी खरोखर समक्ष. शनिवारच्या तक्त्यात दर्जाचा रकाना कोरा ठेवला. साहेबांनी तक्ता घेतला, पाहिला, परत दिला.

२४ फेब्रु.
तुकड्यांचा निकाल उद्या. शिरोलीचा दोनदा फोन. उद्या सांगते म्हटले.
मिस्त्री रोज बाहेर लिंबाखाली जेवतात. आज स्लॅबखाली, बरोबर मधोमध, भाकरीचे फडके सोडून बसलेले.
"या. ही आमची परीक्षा. माझं काम हाय, मी खाली बसतोय."
टेकू आहेत तोवर या बसण्याला अर्थ नाही. हे त्यांनाही माहीत. डबा घेऊन गेले. टेकूंच्या दाटीत मांडी नीट घालता येत नव्हती. त्यांनी ठेचा दिला, मी लोणचे.
खाताना दोघांनीही वर पाहिले नाही.