पालकाची सही

बी.डी.डी. चाळ, वरळी
ता. १८ जून १९५८

ती. आनंदीआक्का यांस,
कौसल्येचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मनमाडला सगळी खुशाल असाल. दाजींच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळवा. इकडे तुमच्या आई ठणठणीत आहेत. सकाळी नळावर एखादं भांडण जिंकून आल्याशिवाय आमच्या आत्याबाईंना चहा गोड लागत नाही.

मी मॅट्रिक झाले तेव्हा चाळीत पेढे तुम्ही वाटलेत, म्हणून हेही आधी तुम्हालाच सांगते. दादरच्या एका कॉलेजात नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग आहेत. मी शिकवते ती म्युनिसिपालटीची शाळा सुटली की थेट जाता येईल आणि बी.ए. होता येईल. अर्ज घेऊन गेले, तर हेडक्लार्कनं तो परत माझ्याकडे ढकलला. लग्न झालेल्या बाईला पालकाची सही लागते म्हणे, आणि पालक म्हणजे नवरा. माझ्यामागे पोस्टातले एक गृहस्थ उभे होते, डोक्यावर एक काळा केस नाही. त्यांना कुणी म्हटलं नाही की बायकोची सही आणा.

नवरा शीव कोळीवाड्यात दुसरीपाशी राहतो हे मला भर रांगेत सांगावं लागलं, आक्का. तेव्हा म्हणाला, घरातलं दुसरं वडीलधारं माणूस चालेल. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा अंगठा घेऊन गेले. त्यावर तो हसला. पदवीच्या वर्गाला अंगठेबहाद्दर पालक चालत नाही म्हणाला. ते हसू मी विसरणार नाही.

महिनाअखेर मुदत आहे. तुमच्या बंधुराजांना तुम्हीच लिहा. मी त्या दारात पाय ठेवणार नाही.

मुलांना पापे. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची
कौसल्या


मनमाड
ता. २५ जून १९५८

चि. सौ. कौसल्या हीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझ्या हातातली भाकरी करपली. त्याच दिवशी बाबुरावला लिहिलं. उत्तर आलं ते तुला कसं सांगू? आईच्या नावावरची खोली त्याच्या नावावर करून दिली तर तो सही देणार. म्हणजे उद्या ती सटवी तुमच्या चुलीपुढे बसणार आणि तुम्ही दोघी रस्त्यावर. समितीच्या सभेत मुंबई आमच्या हक्काची म्हणून घसा फोडतो मेला, आणि स्वतः आईच्या खोलीवर डोळा ठेवून बसलाय. पाठचा भाऊ म्हणायची लाज वाटते.

तुझे दाजी म्हणतात, त्याच्या नावची सही मी ठोकतो, कुणाला कळतंय. बघ पटलं तर. गुडघा दुखतोच आहे, पण हात चालतो म्हणे.

धीर सोडू नकोस. आईला सांभाळ, म्हणजे चाळीला तिच्यापासून सांभाळ.

तुझी
आनंदीआक्का


वरळी
ता. २ जुलै १९५८

ती. आनंदीआक्का यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दाजींना सांगा, उपकार झाले, पण खोटी सही नको. हेच बंधुराज कॉलेजात जाऊन माझं नाव कापून आले असते.

रविवारी ते स्वतःच आले. पुडक्यात बालुशाही, खिशात खोलीचा कागद आणि शाईचं पॅडसुद्धा. आक्का, तुमच्यापासून काय लपवू, मुदत संपायला एक दिवस उरला होता. मीच म्हटलं, द्या आत्याबाई अंगठा, जाऊ दे खोली. आत्याबाईंनी अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि म्हणाल्या, चुलीवर भाजलाय, बरा झाला की ये. बालुशाही तेवढी ठेवून घेतली. ते गेल्यावर चिंधी सोडली तर अंगठा धडधाकट. मग माझ्यावर उखडल्या. खोली गेल्यावर पुस्तकं काय डोक्यावर ठेवणार होतीस, म्हणाल्या.

माझं वर्ष गेलं. त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला रोज वाटतं आणि त्याची लाजही वाटत नाही. धम्म घेतलेल्या बाईनं असं बोलू नये, हे मला कळतं.

एक गंमत मात्र ऐका. काल आत्याबाई शेजारच्या चाळीतल्या साक्षरतेच्या वर्गात नाव घालून आल्या. मी शिकवते म्हटलं, तर सुनेच्या हातची छडी खाणार नाही म्हणाल्या. तिथं कुणी पालकाची सही मागितली नाही म्हणून शिकवणाऱ्या बाईंना आशीर्वादही देऊन आल्या. क कमळाचा निघाला, तेव्हा पुस्तकातलं चित्र आपलंच, कमळाबाईचंच आहे असं चाळभर सांगत होत्या.

लोभ नेहमीचाच राहू द्या.

तुमची
कौसल्या


वरळी
ता. १७ जून १९५९

ती. आनंदीआक्का यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काम झालं! आता सावकाश सांगते.

वर्षभर आत्याबाईंनी पाटी सोडली नाही. अक्षर वाकडं आलं की पेन्सिलीला शिव्या. परवा मला न विचारता त्यांनी कोळीवाड्यात निरोप धाडला. अंगठा बरा झालाय, मंगळवारी दादरच्या कॉलेजात ये, तू तिच्या अर्जावर सही कर, मी तुझ्या कागदावर अंगठा देते. बंधुराज इस्त्रीचा सदरा घालून हजर. खिडकीशीच पॅड उघडून उभे राहिले.

आत्याबाईंनी पॅडकडे बघितलंही नाही. क्लार्ककडे पेन मागितलं. तोच हसणारा क्लार्क. माझ्या अर्जावर कमळाबाई रामजी कांबळे, एकेक अक्षर करत लिहिलं. मागे रांग खोळंबली होती. नाव पुरं झाल्यावर क्लार्कनं नातं विचारलं. आत्याबाई आधी लेकाकडे बघून, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्याची मी आई. हिची पालक."

क्लार्कनं शिक्का मारला. बंधुराजांच्या हातात ते पॅड तसंच उघडं होतं, आणि इस्त्रीच्या सदऱ्याला शाई लागली होती. मला इतकं बरं वाटलं, आक्का, की बाहेर येऊन मी रडले.

सोमवारपासून वर्ग सुरू. आत्याबाई आता पत्र लिहायला बसल्या आहेत, मला वाचू देत नाहीत. त्याची नक्कल तुम्हाला पाठवायचं मात्र कबूल केलंय.

तुमची
कौसल्या


वरळी
ता. २१ जून १९५९

बाबुराव यास आईचा जयभीम.

हे माझं पहिलं पत्र. जपून ठेव.

तुझ्या सहीसाठी माझ्या सुनेचं एक वर्ष गेलं. ती तुझ्या दारात आली नाही, म्हणून तू खूश होतास. आता तू माझ्या सहीची वाट बघ. मी काही लवकर मरत नाही.

अंगठा मागू नकोस. मी आता सही करते, आणि कुठं करायची ते मला वाचता येतं.

तहान लागली तर ये. पाणी मिळेल. खोली मिळणार नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात, असं सुनेनं सांगितलं. मला ते लिहिता येतं. लिहीत नाही.

कमळाबाई रामजी कांबळे