रुहीची केळवणं

पिस्कॅटवे,
१ जून २०२५

ती. स्व. मोरेश्वरमामांस,
रुहीचा शि. सा. न. वि. वि.

ही सुरुवात मराठी शाळेत पाठ करून घेतली होती, आज पहिल्यांदा उपयोगी पडली. नोव्हायला सगळे मजेत असाल. हिमानीमामीचा गुडघा कसा आहे? खरं तर फोनच करणार होते, पण आमच्या घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर असतो. आई पोळ्या लाटता लाटता ऐकते, बाबा मध्येच तुमच्याकडचं हवामान विचारतात. मला जे सांगायचंय ते त्या दोघांसमोर सांगण्यासारखं नाही.

मला सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीत जायचं नाहीये. आधी दोन वर्षं घरी राहून इथल्या लहानशा कम्युनिटी कॉलेजात शिकायचंय आणि मग ट्रान्सफर घेऊन त्याच युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचंय. मार्चमध्ये आईला सांगितलं, ती म्हणाली बघू. एप्रिलमध्ये पुन्हा सांगितलं, पुन्हा बघू. मग तिने युनिव्हर्सिटीची सीट कन्फर्म करून टाकली आणि बाबांनी तिथला स्वेटशर्ट आणला. तो घालून ते लॉन कापतात, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळलंय.

कारण सांगते, हसू नका. मी दोन्हीकडे जाऊन एकेक लेक्चर ऐकलं. युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीला चारशे मुलं होती. मी सगळ्यात मागे बसले आणि मला इतकं बरं वाटलं, की तिथे मी चार वर्षं तोंड न उघडता काढली असती. त्याचीच मला भीती वाटली. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात जेमतेम तीस जण होते. प्रोफेसरबाईंनी मला नाव विचारलं, काय शिकायचंय ते विचारलं. मला घाम फुटला, पण मी सांगितलं.

आता नवीन संकट म्हणजे केळवणं. पूर्वी लग्नाआधी करायचे ना, तशी इथल्या काकूंनी कॉलेजला घर सोडून जाणाऱ्या मुलांची केळवणं सुरू केली आहेत. माझी डॉर्म आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर असणार होती, तरी मलाही आमंत्रणं आहेत. काल मालिनीकाकूंकडे पुरणपोळ्या होत्या आणि निघताना त्यांनी हातात राईस कुकर दिला. सगळ्यांसमोर मी काय बोलणार? थँक यू म्हणाले आणि घेऊन आले. पुढच्या शनिवारी दुसरं घर आहे. मामा, तुम्ही आईला समजवा, ती फक्त तुमचं ऐकते.

मामीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तसाच असू द्या, फक्त आईला कळू देऊ नका.

तुमची,
रुही

पिस्कॅटवे,
४ जून २०२५

ती. दादास,
नीलांबरीचा सा. न. वि. वि.

एवढ्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला लागले की रुही जिन्यात येऊन बसते, म्हणून ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये हे लिहितेय.

तुझ्या भाचीने नवीन खूळ काढलंय. हाताशी युनिव्हर्सिटी असताना तिला कम्युनिटी कॉलेजात जायचंय. मी नाही म्हणत नाही, नुसतं बघू म्हणते. मला वाटलं होतं विसरेल, पण विसरण्यात ती केदारवर गेलेली नाही. दोन वर्षांनी ट्रान्सफर मिळते म्हणे. मिळतही असेल, पण मराठी मंडळातल्या लोकांना दोन वर्षं काय सांगू? सगळ्यांची मुलं गाड्या भरभरून निघाली आहेत.

लोकांचं एक वेळ सोड. तुला म्हणून सांगते, माझी काळजी वेगळी आहे. रुही चार माणसांत बोलत नाही. शाळेतली प्रत्येक टीचर मला हेच सांगायची, हुशार आहे पण हात वर करत नाही. आणखी दोन वर्षं घरीच राहिली, तर पार घुमी होईल पोरगी. तिकडे डॉर्ममध्ये रूममेटशी भांडायला तरी बोलावं लागेल. तू तिला समजव, ती फक्त तुझं ऐकते.

वहिनींना नमस्कार. धाकट्या बहिणीवर माया आहे तशी ठेव, आणि या बाबतीत माझीच बाजू घे.

तुझी,
नीला

नोव्हाय,
१५ जून २०२५

चि. रुहीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचलं आणि मराठी शाळेची देणगी वाढवावी असं सुचवलं. गुडघा बरा आहे. सध्या ती जिने चढते आणि मी धापा टाकतो.

तुझं म्हणणं मला पटलं, अगदी मनापासून पटलं. तरीही मी तुझ्या आईला काही सांगणार नाही. चिडू नकोस. बोलायची सवय लागावी म्हणून तुला लहान वर्ग हवाय, आणि तेच बोलायला तू मामाला पुढे करतेस. म्हणजे बसलीस ना पुन्हा मागच्या बाकावर? आईने बघू म्हटलं की तू गप्प बसत असणार, मी ओळखतो तुला. पुढच्या वेळी गप्प बसू नकोस. आणि जरा लवकर बोल, नाहीतर राईस कुकरचं दुकान टाकावं लागेल.

तुझ्या आईलाही वेगळ्या पाकिटातून दोन ओळी टाकतो आहे. त्यात तुझं नाव फोडलेलं नाही.

आशीर्वाद आहेतच, वकिलीचं तेवढं माफ कर.

तुझा,
मोरेश्वरमामा

नोव्हाय,
१५ जून २०२५

चि. सौ. नीलास,
अ. उ. आ.

तुझी काळजी खरी आहे आणि ती लोकांच्या काळजीपेक्षा चांगली आहे. पण ती तू मला सांगतेस आणि पोरीला नुसतं बघू म्हणतेस. पोरीला काय वाटतं ते एकदा तिलाच विचार, आणि उत्तर येईपर्यंत पोळ्या लाटायचं थांब. बाजू मात्र मी कुणाचीच घेणार नाही.

केदाररावांना म्हणावं, स्वेटशर्ट अधूनमधून धुवा. बाकी लोभ वाढता आहेच, दुसरं काय लिहू?

तुझा,
दादा

पिस्कॅटवे,
१३ जुलै २०२५

ती. स्व. मोरेश्वरमामांस,
रुहीचा शि. सा. न. वि. वि.

मी प्रयत्न केला. आईनेही केला. परवा तिने चक्क गॅस बंद केला, माझ्यासमोर बसली आणि तुला काय वाटतं म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात विनीताकाकूंचा फोन आला, स्पीकरवर. त्यांच्या शिवचं आणि माझं एकत्र केळवण ठरवायचं होतं. आई मला विचारत होती तेव्हा तिचा चेहरा फार काळजीचा होता आणि तो बघून मी नंतर पुन्हा विषय काढला नाही. चूक माझीच आहे. आतापर्यंत दोन राईस कुकर, एक इस्त्री आणि चादरी जमल्यात. मला चोरी केल्यासारखं वाटतंय.

शिवचं केळवण ऑगस्टमध्ये आहे. तोपर्यंत काहीतरी करेन. मामीला नमस्कार. माझ्यावर रागावला असाल तरी माया पातळ करू नका.

तुमची,
रुही

पिस्कॅटवे,
११ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
नीलांबरीचा सा. न. वि. वि.

शनिवारी विनीता आणि श्रीरामकडे शिवचं आणि रुहीचं केळवण होतं. शिव टेक्सासला चाललाय. तीसेक माणसं होती. मसालेभात झाला, मठ्ठा झाला, मुलांना पाटावर बसवून ओवाळलं आणि विनीताने दोघांच्या हातात एकेक मोठं खोकं ठेवलं. शिवने थँक यू म्हटलं. रुही उठून उभी राहिली.

तिने सगळ्यांना सांगितलं, की हे मला घेता येणार नाही, कारण मी कुठेच जात नाहीये. मी आधी कम्युनिटी कॉलेजला जाणार आहे, का जाणार ते सांगते, आणि आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी जे दिलंय ते परत आणून देईन. मग तिने युनिव्हर्सिटीत ऐकलेल्या लेक्चरचं सांगितलं, चारशे मुलं, मागची रांग, सगळं. मधूनच इंग्लिशमध्ये गेली, परत मराठीत आली. केदार श्रीखंडाचा चमचा हातात धरून तसाच उभा राहिला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

विनीता म्हणाली, दिलेलं परत घ्यायचं नसतं, दोन वर्षांनी जाशील तेव्हा ने. मी भांडी विसळायच्या निमित्ताने आत पळाले, तर मालिनी मागून आली. मला वाटलं आता टोमणा मारणार. तिने हळूच विचारलं, की कम्युनिटी कॉलेजचं रजिस्ट्रेशन अजून चालू आहे का, कारण त्यांची प्रीता गेले काही दिवस जायला नको म्हणून रडतेय.

गाडीत बसल्यावर मी शेवटचा डाव टाकला. रुहीला म्हटलं, एवढ्या लोकांसमोर बोललीस, म्हणजे आता चारशेंच्या वर्गातही बोलशील, मग युनिव्हर्सिटीलाच जा. ती म्हणाली, आई, तीसच होते, म्हणून बोलता आलं. केदार इतका हसला की त्याचा वळायचा रस्ता चुकला. काल सकाळी मी युनिव्हर्सिटीची सीट सोडल्याचा ईमेल पाठवला आणि दुपारी आम्ही दोघी कम्युनिटी कॉलेजचे वर्ग बघत बसलो. येत्या रविवारी घरचं केळवण करतेय, ती कुठे जात नसली तरी.

एक गोष्ट केदारला सांगितली नाही, रुहीला तर नाहीच. तिथे ती बोलत होती तेव्हा लाजेने माझी मान वर होत नव्हती, आणि तरी मनात एकच होतं, की हिने आता थांबू नये.

वहिनींना नमस्कार. बहिणीच्या वेडेपणासकट लोभ असू दे.

तुझी,
नीला