दुसऱ्या मजल्याचा कागद

ग्लासगो,
रविवार, १९ मार्च

प्रिय नेटा,

आठ वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. तेव्हा पाकिटावर माझं अक्षर बघून कुणीतरी गेलं असं तुला वाटलं असेल. कुणी गेलेलं नाही. माझे गुडघे कुरकुरतात. टीना मॅक्फेल वरच्या मजल्यावरून अजून सगळ्या जिन्यावर राज्य करते. तळमजल्याच्या आर्चीला ऐकू येत नाही, म्हणून तो आमच्यावरच ओरडतो. तुझ्या कर्स्टीचा दमा कसा आहे? आधी ते कळव.

बातमी मोठी आहे आणि चांगली आहे. आम्ही जिंकलो! उद्या परांची बांधायला माणसं येतायत. आपल्या इमारतीची बाजूची आख्खी भिंत छपरापासून पायापर्यंत दुरुस्त होणार, आपल्या घरमालक गृहसंस्थेच्या खर्चाने.

हे सगळं एका नाटकाने झालं म्हटलं तर तू हसशील. सप्टेंबरात कॅट्रिओना नावाची एक मुलगी चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी यायला लागली. वस्त्यांमध्ये जाऊन लोकांकडून नाटकं करून घेणं हे तिचं काम. म्हणाली, "तुमच्या घरातल्या ओलीवर आपण नाटक करू."

टीना म्हणाली, "ते आम्ही तीस वर्षं करतोय, बाळ. बघायला कुणी येत नाही."

पण बिस्किटं चांगली असायची, म्हणून आम्ही जात राहिलो. गृहसंस्थेची ती पत्रं तुला आठवत असतीलच. भिंत काळी पडते ती तुमच्या राहणीमुळे, घरात कपडे वाळवू नका, खिडक्या उघड्या ठेवा. कॅट्रिओनाने ती आम्हाला मोठ्याने वाचायला लावली. वाचताना एकजण दुसऱ्याकडे बघेना. शेजारणीच्या बाबतीत ती पत्रं खरी असणार असं प्रत्येकीला वाटत होतं, आणि स्वतःच्या बाबतीत भीती.

तुझ्या घरात आता समीरा राहते, सुदानची, दोन लहान मुलं आहेत. एका मंगळवारी तिने कोपऱ्यातला भिंतीचा कागद छतापासून जमिनीपर्यंत सोलून, गुंडाळी करून आणला आणि बिस्किटांशेजारी उलगडला. काळा डाग, हातभर रुंद. "ही घाण माझी नाही, भिंतीची आहे," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात टीनाने आपला आणला. मग आर्चीने. कॅट्रिओनाने ठरवलं, नाटकाचा पडदा याच कागदांचा करायचा, घरं जशी एकाखाली एक आहेत तसा. तिसरा मजला सगळ्यात वर, खाली पहिला, त्याखाली तळमजला. दुसऱ्या मजल्याची जागा रिकामी राहिली.

मी सांगितलं होतं की माझी भिंत कोरडी आहे.

११ तारखेला, शनिवारी दुपारी प्रयोग झाला. हॉल भरला होता, नगरसेविका पहिल्या रांगेत आणि तिच्याशेजारी गृहसंस्थेचे डाल्ग्लिशसाहेब. या नाटकाची रीत अशी, की बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणायचं, रंगमंचावर यायचं आणि पुढचं आपण करून दाखवायचं. समीराने गृहसंस्थेच्या कचेरीच्या खोट्या दाराच्या मुठीला जिना धुण्याच्या पाळीचं कार्ड अडकवलं, "आता पाळी तुमची!" म्हणाली, तेव्हा लोकांनी बाकं वाजवली. डाल्ग्लिशसाहेबही हसले. मग उठून म्हणाले, "थांबा."

ते पडद्यापाशी गेले आणि रिकाम्या जागेवर हात ठेवला. "भिंत एक, घरं चार. छपरातून पाणी येत असतं तर ते दुसरा मजला ओलांडून उडी मारून खाली गेलं असतं का? मिसेस लॅमंट यांना घर ठेवता येतं. बाकीच्यांनी त्यांच्याकडून शिकावं."

आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. समीराने मान खाली घातली, जिन्यात तू घातली होतीस तशीच.

नेटा, मी उभी राहिले. "थांबा," म्हटलं, आणि कोट न घालताच रस्ता ओलांडून घरी आले. कोपऱ्यातल्या कपाटाला खांदा लावला, तोच मागे धापा टाकत टीना. "कपाट एकटी हलवणारेस? हो बाजूला." दोघींनी ढकललं. टीना बघत राहिली. "अगं सेंगा," ती म्हणाली, "हा डाग तर माझ्या घरातल्यापेक्षा मोठा आहे." एवढंच म्हणाली, आणि कागद सोलायला लागली.

परत येऊन आम्ही तो रिकाम्या जागी लावला. वरून खालपर्यंत काळा पट्टा एकसंध झाला, कुठे बोटभरही तुटला नाही. आर्ची शेवटच्या रांगेतून ओरडला, "जुळलं!" मग जो गजर झाला तो मला मरेपर्यंत पुरेल. नगरसेविका डाल्ग्लिशसाहेबांना म्हणाली, "आता सांगा, चौघींपैकी नक्की कुणाचे कपडे?" आर्चीचीही तिने चौघींत गणना केली, पण त्याला ऐकू आलं नाही.

बुधवारी भिंत उघडली. आतला पन्हाळीचा नळ छपराशीच फुटलेला. शुक्रवारी प्रत्येक घरी माफीचं पत्र आलं, त्यात स्वच्छ लिहिलंय की दोष राहणाऱ्यांचा नाही. आता आख्ख्या गल्लीत लोक कपाटं सरकवतायत.

पण कागद लावल्यावर मी हॉलमध्ये आणखी काही बोलले, ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. आठ वर्षांपूर्वी तू ओल दाखवायला मला हाक मारलीस, आणि मी जिन्यात, टीनासमोर, कर्स्टीसमोर तुला गलिच्छ म्हटलं. दोन आठवडे लागोपाठ पाळीचं कार्ड तुझ्याच दाराला अडकवलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी माझं कपाट त्या कोपऱ्यात सरकवलं होतं. तुझ्या घरात होतं ते माझ्या घरातही होतं, हे मला माहीत होतं. तू पोरीला घेऊन ॲबरडीनला गेलीस, तेव्हा मी खिडकीतून बघत होते आणि खाली आले नाही. हे मी तुझं नाव घेऊन भर हॉलमध्ये सांगितलं. तुला सांगायचं राहिलं होतं.

माफीच्या पत्राची एक प्रत सोबत आहे. वर पत्ता तुझ्या जुन्या घराचा आहे. समीराने तिच्या नावाशेजारी तुझंही नाव घालून घेतलं, मी न सांगता.

तुझं घर स्वच्छ होतं, नेटा.

तुझी अपराधी बहीण,
सेंगा