अक्काची मशेरीची डबी

अक्का,
मशेरी शोधू नको, डबी मी पळवलीय. आधी पोटभर शिव्या दे, मग पुढचं वाच.

काल तू गच्चीच्या पायरीवरून पडलीस तेव्हा मस्करी कुठली सुचायला! एक्स-रेत काही मोडलेलं नाही, नुसता मुका मार, म्हणून आज मस्करी सुचतेय. पण डॉक्टरांना खुशाल "गोई चालू शे" म्हणालीस, गोळी चालू आहे म्हणे, आणि ज्वारीच्या बिबड्यांच्या डब्यात, पापडांखाली, तीन महिन्यांच्या हाडांच्या गोळ्या तशाच! काल रात्रीच सायकल हाणत परत डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, दुखणं थांबलं म्हणून गोळी सोडायची नसते. हाड आतल्या आत झिजतं, कळतच नाही, उद्यापासून परत चालू करा. कमलमावशी पाटावरून उठताना खुबा मोडून बसली, आठवतं ना?

तर आता उपाशीपोटी गोळी, ग्लासभर पाणी, मग अर्धा तास ताठ बसायचं. चहा नाही, आडवं होणं नाही. डबी शेजारच्या लताबाईकडे आहे. ती घड्याळ बघून अर्ध्या तासानं देईल. तिला फितवायला जाऊ नको, मी तुझेच दोन डझन बिबडे देऊन तिला आधीच फितवलंय.

मी अमळनेरला चाललोय, संध्याकाळच्या एसटीनं परत येतो.

तुझा वना